गोदामात रात्रपाळीला गाडी भरणं : अंगाला सवय होते का?

सिल्लोडकर

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. मोबाइलवरून टाइप करतोय, सांभाळून घ्या.

बी.ए. झालंय, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. यंदा गावाकडं कापसाचं काही खरं नव्हतं, म्हणून चुलतभावाच्या ओळखीनं भिवंडीला आलो. माणकोलीच्या बाजूला एका पार्सलवाल्यांचं मोठं गोदाम आहे, तिथं ठेकेदाराकडून लोडर म्हणून लागलोय. रात्रपाळी. बेल्टवरून नग येतात, गन मारायची (म्हणजे बारकोड स्कॅन करायचा) आणि 32 फुटी कंटेनरमध्ये थप्पी लावत जायची. ऐकायला सोपं वाटतं.

आधी एका गाडीला दोघं असायचो. दिवाळीचा सेल लागला तसा एकेकच माणूस झाला. बेल्ट काही थांबत नाही. मोबाइलच्या डबीएवढा नग येतो, त्याच्यामागं तीस किलोचा डंबेलचा सेट, त्याच्यामागं कुणाचा तरी गळका फिनेलचा कॅन. गाडी रात्री दोनला सुटलीच पाहिजे, नाहीतर शिफ्टवाला सगळ्यांसमोर नाव घेऊन ओरडतो. कंटेनर दिवसभर उन्हात तापलेला असतो, आत शिरलं की घाम डोळ्यात. सकाळी खोलीवर गेलो की बोटं मिटत नाहीत आणि कंबर टेकवायची तर कुशीवरच.

मला वाटलं होतं, भरतीसाठी व्यायामच होईल. झालं उलटंच, पळायला जायची ताकद राहत नाही.

तर विचारायचं हे की, अंगाला याची सवय होते का? जुनी माणसं वर्षानुवर्षं हे कसं करतात? आणि बेल्टच्या वेगाशी मेळ कसा घालायचा? सोडून दे म्हणू नका. फेब्रुवारीपर्यंत तरी सोडता येणार नाही.

कट्टेकरी

इथं पुण्यात लोक महिन्याला दोन हजार भरून वजनं उचलतात, तुम्हाला उलट पगार मिळतोय. :) हलके घ्या.

खडूसकाकू

@कट्टेकरी, जिममधलं वजन खाली ठेवलं म्हणून कुणी नाव घेऊन ओरडत नाही. एक रात्र जाऊन या तिकडे, मग हलकं घ्यायचं की जड ते बोलू.

कट्टेकरी

काकू, शरण आलो.

डॉकदादा

चाकणला लोडर म्हणून लागलो होतो, आता तिथंच शिफ्ट बघतो. म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात.

सवय होते, पण अर्धीच. दंडाला होते, दम वाढतो, तळहाताला घट्टे पडतात. मणक्याला सवय वगैरे काही होत नाही, तो फक्त बोलत नाही इतकंच. जुनी माणसं ताकदीवर टिकत नाहीत, कमी उचलून टिकतात. एखाद्या जुन्याकडं नीट बघ. तो एका नगाला एकदाच हात लावतो. नवीन पोरगा तोच नग बेल्टवरून खाली ठेवतो, खालून बाजूला सरकवतो, बाजूचा परत वर चढवतो. रात्रीतलं निम्मं वजन असं फुकटचं उचललेलं असतं.

थप्पी लावताना भिंत बांधत मागं यायचं. केबिनकडच्या टोकाला एका पत्र्यापासून दुसऱ्या पत्र्यापर्यंत, तळापासून वरपर्यंत एक भिंत पुरी करायची, मगच दुसरीला हात. खाली जड आणि चौकोनी, मध्ये मध्यम, वर हलकं. दोन खोक्यांच्या फटीवर तिसरा खोका आला पाहिजे, सरळ एकावर एक रांगा केल्यास तर पहिल्याच गतिरोधकाला आडव्या होतील. कपड्यांची पाकिटं एकेक लावत बसू नको, मोठ्या पोत्यात जमव आणि शेवटी छताजवळच्या पोकळीत कोंब. पावसाळ्यात भिजलेला खोका वरून कोरडा दिसतो, पण कोपरा दाबला की बोट आत जातं. तो कधीही तळाला नको.

वेडावाकडा नग आला (सायकल, झाडूचा गठ्ठा, पडद्याचे रॉड) तर त्याची जागा शोधत उभा राहू नको. बाजूला ठेव आणि भिंतीत खिंडार पडलं की बसव. एकदाच हात लावायच्या नियमाला हा एक अपवाद.

आणि बेल्टचं तोंड वरखाली करायचं बटण असतं बघ, गाडीत शिरणाऱ्या टोकाला. निम्म्या पोरांना ते माहीतच नसतं. खालची थर लावताना तोंड खाली घे, वरची लावताना वर. गुडघ्याच्या खालून आणि खांद्याच्या वर जितकं कमी उचलशील तितकी सकाळ बरी जाईल.

सिल्लोडकर

दादा, खूप आभार. भिंत आम्ही पण करतो, पण घाईत अर्धवट राहते आणि मग पुढचं सगळं ढासळतं. बटण आमच्या बेल्टला आहे, पण तुटलंय. शेजारच्या डॉकचं (गाडी लागायच्या जागेचं) चालतं. लाल दोरी पण आहे बेल्ट थांबवायला. ओढली की सगळी लाइन थांबते आणि कुणी ओढली ते स्क्रीनवर येतं, म्हणून कुणी ओढत नाही.

मल्टीअ‍ॅक्सल

आमच्या घरच्या दोन गाड्या आहेत, एकीवर मी स्वतः असतो. भिवंडी–नाशिक–धुळे–इंदूर. भरणाऱ्यानं काय भरलं ते आम्हाला कसाऱ्याच्या घाटात कळतं.

डॉकदादा बरोबर बोलले, पण ते उभ्या भिंतीचं झालं. लांबीचं पण बघायला लागतं. 32 फुटी सिंगल अ‍ॅक्सलमध्ये साधारण सात टन जातं, मल्टी अ‍ॅक्सलमध्ये चौदा-पंधरा. पार्सलची गाडी वजनानं भरायच्या आधी जागेनं भरते, म्हणून काट्याकडे कुणी बघत नाही. पण सुरुवातीला सगळी पाकिटं आणि शेवटी दाराशी सगळं जड, असं झालं की पुढची चाकं हलकी पडतात आणि वळणावर स्टेअरिंग हाताला लागत नाही. जड माल पसरून टाका.

क्रमाचं पण तेच. इंदूर आधी, मग धुळे, नाशिक दाराशी. बेल्टवर सगळं मिसळून येतं हे मान्य आहे, पण नाशिकचे नग धुळ्याच्या मागे गेले की नाशिकला निम्मी गाडी उतरवून परत भरतात, आणि तो तासभर आमच्या पदरचा. दाराजवळची शेवटची भिंत तर जीव ओतून लावा. दार उघडणाऱ्याच्या छातीवर मिक्सरचा खोका पडलेला मी बघितलाय.

अजून एक, तुमच्या जिवाचं. गाडी डॉकला लागली की ड्रायव्हरची चावी कुठं असते? चांगल्या ठिकाणी ती सुपरवायझरच्या टेबलावर जमा होते आणि चाकाखाली ठोकळा लागतो. नसेल तर तुम्ही स्वतः विचारा. आत माणूस असताना गाडी पुढं घेतली, हा प्रकार होतो.

जुनेजाणते

+१. चावीचा मुद्दा फार महत्त्वाचा.

फिजिओ_ठाणे

माझ्याकडे भिवंडीचे पेशंट बरेच येतात. लोडर, यंत्रमागवाले आणि ड्रायव्हर, तिघांच्या कंबरा वेगवेगळ्या कारणांनी गेलेल्या असतात.

लोडरचं मुख्य कारण वजन नसतं, पीळ असतो. बेल्ट एका बाजूला, भिंत दुसऱ्या बाजूला, पाय जागच्या जागी आणि वरचं अंग फिरतंय. हातात वजन असताना कमरेतून वळणं हा सगळ्यात वाईट प्रकार. पाऊल टाकून वळा. दोन पावलं जास्त पडतात, पडू देत. नग पोटाला चिकटून हवा. हात लांब करून धरलेले दहा किलो कमरेला दहाचे राहत नाहीत.

अमेरिकेत नायॉश ही सरकारी संस्था आहे, तिचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. सगळं आदर्श असेल, म्हणजे नग अंगाजवळ, योग्य उंचीवर, पीळ नाही, वारंवार नाही, तर एका माणसाला जास्तीत जास्त 23 किलो. यातलं एकेक बिघडलं की आकडा खाली येतो. म्हणजे तीस किलोचा डंबेल सेट एकट्यानं उचलायचाच नाही. हाक मारायची, दुसरा येईपर्यंत तो पायाशी राहू दे.

बोटं मिटत नाहीत म्हणताय, तर हातमोजे कसे आहेत बघा. ठेकेदार बहुतेक एकाच मोठ्या मापाचे वाटतो. सैल मोज्यात पकड जास्त आवळावी लागते. तळव्याला रबराचं कोटिंग असलेले, बोटाला घट्ट बसणारे स्वतः घ्या. फार महाग नसतात, आणि प्लास्टिकच्या पट्टीनं बोट कापणंही थांबेल.

झोपून उठल्यावर पहिला तासभर वाकून जड काही उचलू नका. आणि हे मात्र थट्टेवारी नेऊ नका: पायात मुंग्या, पाऊल ओढलं जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. दुसऱ्या दिवशी नाही.

बाळूमामा_फॅन

ताई, कमरेचा पट्टा लावला तर? आमच्याकडं सगळे लावतात.

फिजिओ_ठाणे

ताई नाही, दादा. :) नायॉशनंच 1994 मध्ये अभ्यास तपासून सांगितलं होतं की धडधाकट कामगाराला पट्ट्यानं इजा टळते असा पुरेसा पुरावा नाही. दुखणं आहे म्हणून डॉक्टरांनी थोडे दिवस दिला तर गोष्ट वेगळी. नुसता लावून लोक जास्त वजन उचलायला लागतात, तो धोका निराळा.

डॉकदादा

इथं थोडा असहमत. पट्ट्यानं मणका वाचत नसेलही, पण आमची पोरं म्हणतात की पट्टा असला की वाकताना आठवण राहते. आठवणीसाठी का होईना.

खडूसकाकू

आठवणीसाठी बोटाला दोरा बांधा, स्वस्त पडेल.

सिल्लोडकर, रात्री काय खाता ते कुणी विचारलंच नाही. आमच्या सोसायटीत शेजारची दोन पोरं अशीच रात्रपाळीला जातात, तीन वाजता वडापाव आणि चहा. सकाळी पित्त. निघताना पोटभर भाकरी-भाजी, मध्ये गूळ-शेंगदाणे, आणि पाणी नुसतं नको. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, बाटलीत घालून गाडीच्या तोंडाशी ठेवा. तहान लागायची वाट बघू नका.

सिल्लोडकर

काकू, वडापावचं कसं कळलं तुम्हाला :)

पाटणची_लेक

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझे वडील माथाडी. आधी मशीद बंदर, मार्केट हललं तसे वाशी. शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे.

"जुनी माणसं कसं करत होती" याचं उत्तर माझ्या मते वर कुणी दिलं नाही. ती एकटी करत नव्हती. टोळी असायची. दोघं उचलून द्यायचे, एक पाठीवर घ्यायचा, आणि जागा आलटून पालटून. म्हाताऱ्या गड्याला आपसूक उचलून द्यायच्या जागी ठेवायचे. टोळीचा मुकादम म्हणाला "बसा", की बसायचं. व्यापारी कितीही कावला तरी. पैसे मालावर, त्यामुळे घाई करायची की नाही हे टोळी ठरवायची, घड्याळ नाही.

हे आपोआप झालं नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना एकत्र केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. मालक मजुरी थेट न देता माथाडी मंडळात भरतो, वर लेव्ही (मजुरीवर टक्केवारीनं जादा रक्कम), त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, दवाखाना. कोपरखैरण्याला माथाडींचं हॉस्पिटल आहे, आमचं घरही त्याच भागात झालं. वडिलांची मान आज पूर्ण वळत नाही, हेही खरं. शंभर किलोचं कौतुक मला कधीच वाटलं नाही. पण एका 32 फुटी गाडीला एकटा माणूस, हे त्यांना सांगितलं तर विश्वास ठेवणार नाहीत.

उल्हासनगरी_व्यापारी

ताई, वडिलांबद्दल आदर आहे. पण नाण्याची दुसरी बाजूही लिहितो. माझं छोटं गोदाम आहे. माझा माल, माझी माणसं, माझी ट्रॉली. तरी गाडी आली की दोन-चार टगे येऊन उभे राहतात, "वाराई द्या". वाराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, पण हात लावत नाहीत मालाला. नाही दिली तर गाडी अडते. माथाडीच्या नावानं हेच चालतं.

पाटणची_लेक

दादा, टगे ते टगेच. नोंदीत माथाडीकडे मंडळाचं ओळखपत्र असतं, टोळी क्रमांक असतो. वाराई मागणाऱ्याकडे ते आहे का विचारलंत कधी? खंडणीखोरांविरुद्ध पोलिसांत जा, त्यासाठी कायद्याला कशाला धोपटायचं.

उल्हासनगरी_व्यापारी

पोलिसांत जा म्हणे! तुम्ही एकदा जाऊन बघा.

जुनेजाणते

पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं गोणीचं वजन कमी व्हावं म्हणून किती वर्षं भांडण केलं. तेव्हाही व्यापारी हेच म्हणत होते की धंदा बसेल. पन्नास किलोच्या गोण्या आल्या, धंदा चालूच आहे. पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' या स्वस्त जेवणाच्या केंद्रात जेवलेल्या प्रत्येकाला...

उल्हासनगरी_व्यापारी

काका, मी वजनाबद्दल एक अक्षर बोललो नाहीये.

प्रशासक

वाराई आणि माथाडी कायद्यावर स्वतंत्र धागा काढावा. इथं धागाकर्त्याच्या प्रश्नावर बोला.

भटक्या_जीव

अवांतर: ही सगळी गोदामं भिवंडीलाच का, हे कुणाला माहीत आहे का? मुंबईत जागा नाही हे समजतं, पण मग पनवेल का नाही, वसई का नाही?

उल्हासनगरी_व्यापारी

पनवेलला पण आहेत. पण भिवंडीचं मूळ जकातीत. मुंबईत माल शिरला की जकात. म्हणून वेशीबाहेर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत माल ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, जिथं भातशेती होती तिथं पत्रे उभे राहिले. त्यात नाशिक महामार्ग दारात आणि न्हावाशेवा बंदर आवाक्यात. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, पण तोवर गोदामं, गाड्या, माणसं सगळं इथंच जमलेलं. उलट प्रत्येक राज्यात छोटं गोदाम ठेवायची गरज संपली तशी इथली अजून मोठी झाली. आता पडघ्यापर्यंत पसरलीत.

भटक्या_जीव

माहितीपूर्ण. आणि ट्रॅफिक?

मल्टीअ‍ॅक्सल

ट्रॅफिकचं नाव काढू नका. अंजूर फाटा ते माणकोली पायी लवकर होतं.

रात्रीची_गाडी

मी अशाच एका गोदामात ऑपरेशन्सला आहे (सिल्लोडकरांच्या नाही!). शिव्या पडणार हे धरून लिहितो.

दोनची वेळ कुणाच्या लहरीनं ठरलेली नसते. दोनला सुटली तर गाडी पहाटे नाशिकला लागते, तिथं छाननी होऊन सकाळी डिलिव्हरीची पोरं घेऊन बाहेर पडतात. चारला सुटली तर नाशिकचा सगळा दिवस हुकतो. मुंबई-ठाण्याकडं जाणारी असेल तर सकाळी जड वाहनांना बंदी लागायच्या आत आत शिरावं लागतं. त्यात ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत असते, एका दिवसाला 200 किलोमीटर असा हिशोब. लांबच्या गाडीला रस्त्यात काही झालं की तीही धावपळ. गाडी उशिरा निघाली की वाहतूकदार थांबल्याचे पैसे लावतो. हे सगळं शिफ्टवाल्याच्या डोक्यावर, आणि तो ते लोडरच्या डोक्यावर ओततो. ओरडण्याचं समर्थन नाही करत, साखळी कशी आहे ते सांगतोय.

एकेक माणूस हे मात्र चूकच आहे. सेलला माल दुप्पट होतो आणि ठेकेदार माणसं तेवढीच पाठवतो, हजेरी मात्र पूर्ण दाखवतो. पाटणची_लेक यांनी लिहिलेलं टोळीचं मी पहिल्यांदाच वाचलं. आमच्याकडं दोन डॉकमागे तिसरा माणूस फिरता ठेवून पाहिला, फक्त जड नगांसाठी. गाड्या वेळेवर सुटायला लागल्या, कारण ढासळलेली थप्पी परत लावण्यात जाणारा वेळ वाचला. साहेबांना दयामाया सांगू नका, वेळ सांगा. ऐकतात.

डॉकदादा

@रात्रीची_गाडी, सहमत. आणि जड नग बेल्टवर टाकायचेच कशाला? आम्ही वीस किलोच्या वरचं सगळं बेल्टवर चढायच्या आधीच वेगळं काढतो, पॅलेटवर (फळ्यांच्या चौकटीवर) ठेवतो आणि हँडपॅलेटनं (हातानं ओढायच्या ट्रॉलीनं) थेट गाडीत नेतो. गाडी सुरू होतानाच तळाला बसतं. बेल्टवर फक्त हलका माल. यंत्र नवीन लागत नाही, फक्त माल चढवणाऱ्या पोरानं बाजूला काढायचं.

लेस्टरवासी

मी मूळचा साताऱ्याचा, इथं इंग्लंडात मास्टर्स करतोय. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, ते मी गोदामात करतो. इथंही बेल्ट, इथंही गन, इथंही आकडा. फरक एवढाच की पहिल्या दिवशी वर्गात बसवून उचलायचं कसं ते शिकवतात, सही घेतात. कायदा 1992 चा आहे. त्याच्या मार्गदर्शक तक्त्यात कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ पुरुषाला 25 किलो आणि बाईला 16 असे आकडे आहेत. जड खोक्यावर पिवळी पट्टी असते, म्हणजे दोघांनी उचला.

पण कौतुक फार करू नका. पट्टी असली तरी दुसरा माणूस मोकळा नसतोच. आणि गनला कळतं की तू किती वेळ काही स्कॅन केलं नाहीस. इथं कुणी ओरडत नाही, नुसता आकडा लाल होतो आणि पुढच्या आठवड्याचे तास कमी होतात. मला ओरडणारा बरा वाटायला लागलाय.

कट्टेकरी

@लेस्टरवासी, शेवटच्या वाक्याला टाळ्या.

कागदपत्रे_बघा

कामाचा मुद्दा कुणीच काढला नाही. सिल्लोडकर, पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापतात का? 21,000 पर्यंत पगार असेल तर लागू होतो. तुमचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. ठेकेदाराकडून विमा क्रमांक मागून घ्या. कामावर इजा झाली तर पहिल्या दिवसापासून हक्क असतो, अमुक महिने भरले पाहिजेत अशी अट इजेला नाही. पीएफचं उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसतं, भरतोय की नुसता कापतोय ते तिथं कळेल. आणि जादा तासांचा दर दुप्पट असतो. वहीत रोजची येण्या-जाण्याची वेळ लिहून ठेवा, गेटच्या रजिस्टरवर विसंबू नका.

मैदानातला

मी मागच्या वेळी भरतीतून लागलो. त्याआधी एमआयडीसीत हेच काम केलंय, म्हणून सांगतो. 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. तुझा गोळा या कामानं सुधारेल, पळणं बिघडेल. रोज पळायचा नाद सोड. सुट्टीच्या दिवशी एक लांब आणि आठवड्यात मध्ये एकदा, झोप झाल्यावर, ड्यूटीच्या आधी, छोटं आणि जोरात. सकाळी ड्यूटीवरून आल्या आल्या अजिबात पळू नको, गुडघा तेव्हाच जातो. आणि सेफ्टी शूज गोदामातच ठेव, येता-जाता चप्पल. दिवसभर त्या लोखंडी टोकात पाय कोंबून ठेवलास तर नखं काळी होतात.

खडूसकाकू

आणि झोप? सहा पोरं एका खोलीत असतील, निम्मी दिवसपाळीची.

सिल्लोडकर

काकू, सात आहोत. खिडकीला ताडपत्रीचा तुकडा लावलाय.

सगळ्यांचे आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काय काय झालं ते सांगतो. शिफ्टवाल्याला डॉकदादांचं पॅलेटचं सांगितलं, तर म्हणाला, तू मला शिकवणार का. मग रात्रीची_गाडी यांनी लिहिलं तसं वेळेचं सांगितलं. शेजारच्या डॉकवाल्या पोराला आणि मला मिळून आमच्या दोन्ही गाड्या करू द्या, आधी दोघं मिळून तळ लावतो, मग एकेक भिंत. बघू म्हणाला. शनिवारी माल कमी होता तेव्हा करू दिलं. दोन्ही गाड्या वेळेत गेल्या. सोमवारी सेलचा माल आला आणि परत एकेक. आता बुधवारपासून पुन्हा करू दिलंय, कारण आमच्या शेजारच्या तिसऱ्या डॉकची थप्पी ढासळून ती गाडी साडेतीनला सुटली आणि शिफ्टवाल्याला वरून फोन आला.

चावीचं विचारलं, तर ड्रायव्हर हसला, पण दिली. आता मी रोज घेतो आणि गनच्या दोरीला अडकवतो. हातमोजे अंजूर फाट्यावर घेतले. बोटं अजून सकाळी धरतात, पण मिटतात.

बेल्टचं बटण अजून तुटलेलंच आहे.

डॉकदादा

बटणाची तक्रार तोंडी करू नको. देखभालवाल्यांचं रजिस्टर असतं, त्यात तारीख टाकून लिही आणि फोटो काढ. तोंडी सांगितलेलं कुणालाच ऐकू येत नाही.

पाटणची_लेक

दोघांनी दोन गाड्या, म्हणजे टोळीच की! वडिलांना वाचून दाखवलं. ते विचारतायत, मुकादम कोण तुमच्यात?

सिल्लोडकर

तो. तो बीडचा आहे आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो.

कागदपत्रे_बघा

ईएसआय क्रमांकाचं काय झालं?

सिल्लोडकर

मिळाला. कार्डावर वडिलांच्या जागी ठेकेदाराच्या वडिलांचं नाव आलंय.

कट्टेकरी

अभिनंदन, मालकीत वाटा मागा.

कागदपत्रे_बघा

हसू नका, इजा झाल्यावर हेच आडवं येतं. सिल्लोडकर, आधार कार्ड घेऊन ठेकेदाराकडूनच दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन टाकायला लावा आणि पोचपावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. तो टाळायला लागला तर इथंच लिहा, ईएसआयच्या शाखा कार्यालयात काय आणि कसं द्यायचं ते सांगतो.